वेबसाइटची रोजकीर्द : नोंदी सर्व्हरबाहेर, क्लाउडवर ठेवण्याची रीत

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने तो न्यायाने लिहावा आणि त्याला साक्षीदार असावेत, हा आदेश सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत आला आहे. कुरआनमधील ही सर्वांत मोठी आयत होय. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, म्हणजे पुढे शंकेला जागा राहणार नाही, असा तिचा आशय आहे. आपल्या पेढ्यांवर हे काम रोजकीर्द आणि खतावणी यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. या वह्यांतील जमा, खर्च, बाकी हे शब्दच मुळी अरबी-फारसीतून मराठीत आलेले आहेत.

आता दुकान वेबसाइटवर गेले आहे. गिऱ्हाईक समोर नाही, गल्ला समोर नाही आणि मालही चार दिवसांनी पोहोचायचा असतो. हातोहात होणारा सौदा लिहिला नाही तरी चालेल अशी सवलत त्याच आयतीत आहे. परंतु पैसे आज आणि माल नंतर, हा सौदा हातोहात म्हणता येत नाही. त्यातील मसला उलमांनी सांगावा. व्यापाराच्या बाजूने पाहिले तर अशा सौद्याची लेखी नोंद नसेल तर तंटा सुटणे कठीण, एवढे खरे.

वेबसाइट स्वतःच स्वतःची नोंद ठेवू शकते. तिला ‘लॉग’ म्हणतात. शब्द जहाजावरचा आहे. जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला लाकूड बांधून पाण्यात सोडत आणि मिळालेला आकडा वहीत लिहीत. ती वही म्हणजे लॉग-बुक. रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांत जहाजावरच्या नोकरीची परंपरा आहे, तेथे हा शब्द नवा नाही. कोणत्या वेळी काय घडले हे त्याच वेळी, क्रमाने, मागचे न खोडता लिहीत जाणे, हा दोन्हींचा नियम एकच आहे.

तक्रार आली तर

समजा, मालेगावच्या एका व्यापाऱ्याची कापडाची वेबसाइट आहे. रमजानचा शेवटचा आठवडा, रात्रीचे बारा वाजून गेलेले. भिवंडीची एक भगिनी ३,४५० रुपयांची ऑर्डर देते आणि यूपीआयने पैसे भरते. बँकेतून पैसे गेल्याचा संदेश तिला येतो, पण वेबसाइट म्हणते ‘पेमेंट झाले नाही’. सकाळी ती दुकानात फोन करते. दुकानदाराच्या पडद्यावर ऑर्डर तशीच, पैसे न मिळालेली. आता खोटे कोण बोलत आहे?

बहुधा कोणीच नाही. पेमेंट गेटवे पैसे जमा झाल्याची सूचना वेबसाइटला पाठवतो. ईदच्या गर्दीत डेटाबेसला जोडणी मिळाली नाही तर ती सूचना येऊनही ऑर्डरवर चढत नाही. लॉग नीट ठेवलेला असेल तर चार ओळींत उलगडा होतो : बारा वाजून नऊ मिनिटांनी ऑर्डर नोंदली, तीन सेकंदांनी गिऱ्हाईक गेटवेकडे गेले, बारा दहाला सूचना आली, तिची सही तपासली, बरोबर निघाली, लगेच पुढच्या ओळीत, ऑर्डर बदलता आली नाही, डेटाबेसची जोडणी नाकारली. दुकानदाराने यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक जुळवून पाहावा आणि माल रवाना करावा. प्रश्न पाच मिनिटांत मिटतो.

लॉग नसेल तर बँकेकडे, गेटवेकडे आणि वेबसाइट बनवणाऱ्याकडे हेलपाटे सुरू होतात. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, दुकानदाराला यूपीआयने पैसे देताना खात्यातून रक्कम गेली पण दुकानदाराकडे खात्री पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत व्हायला हवी, आणि पुढे उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते. पण वरच्या उदाहरणात रक्कम अडकलेलीच नाही. ती व्यापाऱ्याकडे पोहोचली आहे, फक्त त्याच्या वेबसाइटला ते ठाऊक नाही. दुसऱ्याचे पैसे नकळत आपल्याकडे राहणे ही गोष्ट व्यापाऱ्याने हलकी समजू नये.

सर्व्हरवरची फाइल का पुरत नाही

वेबसाइट बनवणारा बहुतेक वेळा सांगतो, ‘लॉग आहेच की’. तो असतोही, त्याच सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये. आपल्याकडे पुष्कळ वेबसाइटी पीएचपीच्या लारावेल या चौकटीवर बांधलेल्या असतात. तीत रोजची वेगळी फाइल ठेवण्याची सोय आहे, पण मुद्दाम बदल केला नाही तर चौदा दिवसांपूर्वीच्या फाइली पुसल्या जातात. ईदनंतर तीन आठवड्यांनी आलेल्या तक्रारीला ती वही उपयोगाची नाही. एकच फाइल ठेवली तर ती वाढत जाऊन सर्व्हरची जागा भरते आणि मग वेबसाइटच बंद पडते. कोणी सर्व्हरमध्ये शिरकाव केला तर जाताना तो आपल्या पावलांचे ठसे, म्हणजे हीच फाइल, आधी पुसतो.

आणि सर्व्हरच गेला तर? फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे १० मार्च २०२१ च्या रात्री ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक संपूर्ण इमारत जळून गेली. ज्यांच्या प्रतीही त्याच इमारतीत होत्या, त्यांच्या हाती काही राहिले नाही. दिवसाच्या व्यवहाराची वही रात्री घरी नेणारे जुने व्यापारी यात शहाणे होते.

क्लाउड लॉगिंग म्हणजे एवढेच की वेबसाइटने लिहिलेली प्रत्येक ओळ काही सेकंदांत दुसऱ्या जागी, दुसऱ्या कुलपाखाली जाऊन पडते. ॲमेझॉनचे क्लाउडवॉच, गूगलचे क्लाउड लॉगिंग, मायक्रोसॉफ्टचे ॲझूर मॉनिटर या त्यातील प्रमुख सेवा. या लेखात ॲमेझॉनची मांडणी घेतली आहे, कारण तिचे मुंबई केंद्र जून २०१६ पासून आणि हैदराबाद केंद्र नोव्हेंबर २०२२ पासून चालू आहे आणि लहान वेबसाइटींचे सर्व्हर तेथे पुष्कळ आहेत. इतर सेवांत बटणे वेगळी, रीत तीच.

काय लिहावे

मांडणीआधी मजकूर ठरवावा. बहुतेकजण उलटे करतात आणि मग क्लाउडवर कचरा साठवण्याचे पैसे भरतात.

प्रत्येक ओळीत वेळ, ऑर्डर क्रमांक, घटना, रक्कम, निकाल आणि विनंती क्रमांक असावा. विनंती क्रमांक म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. गर्दीच्या वेळी पन्नास गिऱ्हाइकांच्या ओळी एकमेकींत मिसळून पडतात. म्हणून वेबसाइटच्या दारातच, ज्याला मिडलवेअर म्हणतात तेथे, येणाऱ्या प्रत्येक विनंतीला एक क्रमांक द्यावा आणि तो तिच्या सर्व ओळींत आपोआप यावा अशी व्यवस्था करावी. लारावेलमध्ये हे दोन-चार ओळींचे काम आहे. हाच क्रमांक चुकीच्या पानावर गिऱ्हाइकाला ‘आपला तक्रार क्रमांक’ म्हणून दाखवावा. त्याने फोनवर तो सांगितला की शोधाशोध संपली. मात्र गेटवेची सूचना ही वेगळी विनंती असल्याने तिचा क्रमांक वेगळा पडतो. तिला मूळ सौद्याशी जोडणारा दुवा ऑर्डर क्रमांकच.

ओळ मोकळ्या वाक्यात न लिहिता जेसन पद्धतीने, म्हणजे रकाने पाडून लिहावी. लारावेलच्या पोटात नोंदी लिहिण्याचे काम मोनोलॉग नावाचे साधन करते आणि त्यात जेसनची सोय तयार आहे. रकाने असले की ‘पाच हजारांवरचे फसलेले सर्व व्यवहार’ असा शोध घेता येतो. दुसरा फायदा कमी माहीत आहे. गिऱ्हाइकाने नावाच्या रकान्यात मुद्दाम नवी ओळ घालून पुढे खोटी नोंद टाइप केली, तर साध्या फाइलमध्ये ती खऱ्या नोंदीसारखी दिसते. जेसनमध्ये ती नावाच्या रकान्यातच अडकून राहते.

नोंदीच्या आठ पायऱ्या ठरलेल्या आहेत. डीबग, इन्फो, नोटिस, वॉर्निंग, एरर, क्रिटिकल, अलर्ट, इमर्जन्सी. ऑर्डर नोंदली ही इन्फो; गेटवेने उशिरा उत्तर दिले ही वॉर्निंग; पैसे आले पण ऑर्डरवर चढले नाहीत ही किमान एरर, माझ्या मते क्रिटिकल. डीबग ही कारागिराच्या कामाची पायरी आहे. वेबसाइट लोकांसाठी उघडली की ती बंद असावी.

वेळेबद्दल थोडे अधिक. लारावेलचे घड्याळ मुद्दाम बदलले नाही तर जागतिक प्रमाणवेळ दाखवते, जी आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. त्या भगिनीचा रात्री बारा दहाचा व्यवहार लॉगमध्ये आदल्या तारखेला संध्याकाळी सहा चाळीसला सापडेल. बँकेचा उतारा मात्र भारतीय वेळेत. ज्याला हे ठाऊक नाही तो चुकीच्या दिवसाच्या नोंदी चाळत बसतो आणि ‘असा व्यवहारच नाही’ असे गिऱ्हाइकाला सांगून मोकळा होतो. वेळ कोणतीही ठेवा, पण ओळीतच ती कुठली आहे हे लिहिलेले असावे, आणि सर्व्हरचे घड्याळ प्रमाण घड्याळाशी आपोआप जुळत राहावे.

काय लिहू नये

गिऱ्हाइकाचा पासवर्ड, ओटीपी, कार्ड क्रमांक, पत्ता ही आपल्याकडची अमानत आहे. ती लॉगमध्ये सांडली तर आपल्याला कळतही नाही, कारण पुढच्या दारावर सर्व कुलपे शाबूत असतात.

मोठमोठ्यांचेही असे झाले आहे. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटींहून अधिक सदस्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. पासवर्ड सांकेतिक रूपात बदलण्याआधीच अंतर्गत लॉगमध्ये जसाच्या तसा लिहिला जात होता. मार्च २०१९ मध्ये फेसबुकने कोट्यवधी पासवर्ड आपल्या अंतर्गत यंत्रणेत वाचता येतील असे साठल्याचे कबूल केले. त्याबद्दल आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्या मालक कंपनीला ९ कोटी १० लाख युरो दंड केला. दोन्ही ठिकाणी चोरी झालेली नव्हती. वहीत नको ते लिहिले गेले, एवढाच दोष.

आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाचा पूर्ण कार्ड क्रमांक साठवता येत नाही. रिझर्व्ह बँकेने त्याऐवजी टोकनची पद्धत आणली. डेटाबेसमधून कार्ड काढले आणि लॉगमध्ये मात्र गेटवेला पाठवलेला सगळा मजकूर उतरत राहिला, तर तेही साठवणेच झाले. म्हणून ‘आलेले सगळे लिहून ठेव’ अशी आज्ञा संपूर्ण प्रोग्रॅममध्ये कोठेही असू नये. कोणते रकाने लिहायचे त्यांची नावे द्यावीत, म्हणजे बाकीचे आपोआप बाहेर राहतात. मोबाइल क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ओळख पटवायला पुरेत.

दुसरी गोष्ट नोकरांविषयी व गिऱ्हाइकांविषयी. कोण कोणते पान किती वेळ पाहत बसला, कामावरची मुलगी कितीदा उठली, हेही लॉगमध्ये उतरवता येते. सूरह अल्-हुजुरातमध्ये (४९:१२) दुसऱ्याच्या मागावर राहण्यास मनाई आहे. कोणी दर बदलला, कोणी ऑर्डर रद्द केली, हे नाव-वेळेसह लिहावे, कारण तो हिशेबाचा भाग आहे. त्यापलीकडच्या पाळतीला हिशेबाचे नाव देऊ नये.

लिहिण्याचे साधनही जपावे लागते. डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतील लॉग४जे या साधनात असा दोष निघाला की वेबसाइटच्या एखाद्या चौकटीत विशिष्ट मजकूर टाइप केला आणि तो लॉगमध्ये उतरला की परक्याला सर्व्हरवर हुकूम चालवता येई. जगभर धावपळ उडाली. पीएचपीच्या वेबसाइटीला त्या दोषाचा संबंध नव्हता, पण वापरलेली साधने अद्ययावत आहेत की नाहीत हे वेबसाइट सांभाळणाऱ्याला वरचेवर विचारावे.

मांडणी

खाते व्यापाऱ्याच्या नावाने, त्याच्या ईमेलवर आणि त्याच्या मोबाइलच्या दुहेरी कुलपासह उघडावे. हे पहिले सांगण्याचे कारण, आपल्याकडे कित्येक दुकानांच्या वेबसाइटी बनवणाऱ्याच्याच खात्यात असतात. त्याच्याशी बिनसले किंवा तो परदेशी गेला की वहीही गेली. बनवणाऱ्याला कामापुरता वेगळा प्रवेश द्यावा.

क्लाउडवॉचमध्ये मुंबई केंद्र निवडून दोन ‘लॉग ग्रुप’ करावेत, एक व्यवहारांचा व एक इतर नोंदींचा. ग्रुप म्हणजे वही, आणि त्यातील ‘स्ट्रीम’ म्हणजे एकेका सर्व्हरने लिहिलेली पाने. ग्रुप केल्याबरोबर मुदत ठरवावी; ठरवली नाही तर नोंदी कायमच्या राहतात आणि बिल वाढत जाते.

नंतर सर्व्हरला अधिकारपत्र द्यायचे. त्याला ‘रोल’ म्हणतात. त्यात नवी पाने उघडण्याचा आणि ओळी लिहिण्याचा, एवढाच अधिकार असावा. पुसण्याचा नको, मुदत बदलण्याचाही नको. म्हणजे सर्व्हर चोराच्या हाती गेला तरी तोवरच्या नोंदी त्याच्या हाती लागत नाहीत. गुप्त किल्ल्या फाइलमध्ये लिहून ठेवण्यापेक्षा रोलच वापरावा, कारण अशा किल्ल्या प्रोग्रॅमबरोबर इकडेतिकडे जातात.

मग सर्व्हरवर क्लाउडवॉच एजंट बसवावा. वेबसाइट नेहमीप्रमाणे फाइलमध्ये लिहीत राहते. एजंट त्या फाइलवर नजर ठेवून नव्या ओळी क्लाउडकडे पाठवतो. वेबसाइटने थेट क्लाउडकडे लिहिण्याचीही पद्धत आहे, पण जाळे मंद झाले तर गिऱ्हाईक पैसे भरायचे सोडून आपल्या नोंदीची वाट पाहत बसेल. एजंटला फाइलचा मार्ग, ग्रुपचे नाव, वेळेचा नमुना आणि वेळ कोणत्या प्रदेशाची ते सांगावे लागते. फाइलच्या नावात तारीख असेल तर मार्गात ताऱ्याची खूण देतात. मात्र त्या खुणेत बसणाऱ्या फाइलींपैकी शेवटी बदललेली एकच फाइल एजंट पाठवतो. म्हणून व्यवहारांची आणि इतर नोंदींची फाइल यांची नावे अशी ठेवावीत की एका खुणेत दोन्ही सापडणार नाहीत. ओळी पोहोचू लागल्या की सर्व्हरवरच्या जुन्या फाइली आठवड्याने पुसल्या तरी चालतील. स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर एजंट बसवता येत नाही. तेथे बाहेरच्या सिस्लॉग सेवेकडे नोंदी पाठवण्याचा मार्ग लारावेलच्या ठेवणीत दिलेला आहे, तो वापरावा.

शेवटी घंटा. ‘मेट्रिक फिल्टर’ने एरर व त्यावरच्या पायऱ्यांच्या ओळी मोजाव्यात आणि पाच मिनिटांत ठरावीक संख्या ओलांडली की ईमेल यावा. पैसे आले पण ऑर्डरवर चढले नाहीत, या एका नोंदीला मात्र स्वतंत्र घंटा हवी, तीही पहिल्याच वेळी वाजणारी. दर छोट्या गोष्टीला ईमेल लावला तर आठवड्याभरात कोणी उघडून पाहत नाही. दुसरी घंटा शांततेची : दुकानाच्या वेळेत तासभर एकही ओळ आली नाही तरी कळले पाहिजे, कारण बंद पडलेला एजंट तक्रार करीत नाही.

खर्च आणि मुदत

क्लाउडवॉचमध्ये खर्च मुख्यतः किती मजकूर आत आला यावर बसतो. साठवण त्या मानाने स्वस्त. दरमहा ५ जीबीपर्यंत आकार नाही. एका पानाला ३०० अक्षरांच्या पाच ओळी धरल्या तर दीड केबी होतात. महिन्याला एक लाख पाने उघडली तरी १५० एमबी. हेच डीबग चालू राहिले आणि प्रत्येक पानाला ५०० अक्षरांच्या साठ ओळी उतरल्या तर ३० केबी, म्हणजे लाखाला ३ जीबी. आणि रमजानात चार लाख पाने उघडली तर १२ जीबी. एक पायरी बंद करायची राहिली म्हणून हे बिल येते.

मुदतीबाबत सरकारी बाजूही पाहावी. संगणक सुरक्षेसाठीच्या केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि घुसखोरीसारखी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. लहान उद्योगांना त्यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत दिली होती. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे. सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांत लॉग एक वर्ष ठेवण्याची अट असून ती कलमे टप्प्याटप्प्याने अमलात येतात. तेव्हा दोन्ही वह्यांची मुदत आजच ३६५ दिवसांची करून टाकणे सोयीचे.

ज्यांचा व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला आहे, त्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. ती नोंद वेगळी, वेबसाइटची वेगळी. एकीने दुसरीचे काम भागत नाही. ऑडिटर आला की दोन्हींतील ऑर्डर क्रमांक जुळतात का, हे त्याला दाखवावे.

मांडणी झाल्यावर महिन्यातून एकदा तीन आठवड्यांपूर्वीची कोणतीही एक ऑर्डर निवडावी आणि वेबसाइट बनवणाऱ्याची मदत न घेता, फक्त ऑर्डर क्रमांकावरून, ती नोंदल्यापासून माल निघेपर्यंतच्या सर्व ओळी क्लाउडवर काढून पाहाव्यात. एखादी ओळ सापडली नाही तर ती कोठे गळाली ते त्याच दिवशी विचारावे. हे काम घरातील किंवा दुकानातील संगणक शिकलेल्या मुला-मुलीकडे सोपवता येईल. शोधाची भाषा चार-पाच दिवसांत हाताला बसते आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीतही याच कामाविषयी विचारले जाते.